पिंजरे बसण्याआधी: विकसनशील देशांत पर्यायी प्रथिनं आणि प्राणीकल्याणाचं काम कसं उभं करावं

युरोपियन युनियनने अंड्यांच्या कोंबड्यांच्या साध्या बॅटरी पिंजऱ्यांवर (रांगेने बसवलेल्या अरुंद पिंजऱ्यांवर) बंदी घालायचं १९९९ मध्ये ठरवलं आणि ती बंदी अमलात यायला जानेवारी २०१२ उजाडला. मधली बारा वर्षं आधीच बसवलेले पिंजरे उखडण्यात गेली. शेडची कर्जं फेडायची होती, नवी रचना उभी करायची होती आणि शेतकऱ्यांची समजूत काढायची होती. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत हीच गुंतवणूक आज होत आहे. एकदा शेडसाठी कर्ज उचललं की पुढची कित्येक वर्षं ती शेड भरलेली ठेवणं मालकाला भाग पडतं. चीनमधल्या हुबेई प्रांतात एझोऊ इथे २०२२ मध्ये डुकरांसाठी २६ मजली इमारत सुरू झाली. ती कोणी सहजासहजी रिकामी करणार नाही.

त्यामुळे या प्रदेशांत काम करणाऱ्यांकडे एक संधी आहे, जी युरोपातल्या कार्यकर्त्यांना मिळाली नव्हती. त्यांना पिंजरे बसण्याआधी बोलता येतं.

हा लेख छोट्या संस्थांसाठी, दोन-चार जणांच्या गटांसाठी, अन्नतंत्रज्ञ, पशुवैद्यक आणि नवउद्योजकांसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: गरीब माणसाच्या ताटाकडे बोट दाखवू नका. जिथे हजारो ताटांचा आणि लाखो प्राण्यांचा निर्णय एका सहीने होतो, तिथे जा आणि जाताना हातात नेमकी मागणी आणि चालणारा पर्याय घेऊन जा.

पायरी १: आपल्या प्रदेशातले प्राणी मोजा

जगात दरवर्षी मांसासाठी ८० अब्जांहून अधिक जमिनीवरचे प्राणी मारले जातात आणि त्यांत प्रचंड बहुसंख्या कोंबड्यांची असते. मासे आणि कोळंबी या आकड्यात नाहीत. त्यांची नोंद टनांमध्ये होते, त्यामुळे जीव किती हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये मत्स्यशेतीतून आलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच मासेमारीच्या पुढे गेलं. त्या वर्षी ते सुमारे ९.४४ कोटी टन होतं आणि त्यातला फार मोठा वाटा आशियाचा होता.

आपल्या देशासाठी किंवा राज्यासाठी एक साधा तक्ता करा. कोणता प्राणी, संख्या किती, कशा पद्धतीने वाढवला जातो, आणि पुढच्या दहा वर्षांत वाढ कुठे होणार? पशुगणना, अन्न व कृषी संघटनेची खुली आकडेवारी, पशुसंवर्धन आणि मत्स्य खात्याचे वार्षिक अहवाल एवढ्यावर सुरुवात होते. भविष्य पाहायचं असेल तर पिल्लं उबवणाऱ्या हॅचरी आणि खाद्याच्या कारखान्यांकडे लक्ष ठेवा. पिल्लांची आणि खाद्याची क्षमता वाढली की पाठोपाठ शेड वाढतातच. त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन बघा: शेड, तलाव, जिवंत पक्ष्यांचा बाजार, वाहतुकीच्या गाड्या, कत्तलखाना.

तक्त्यात परसातल्या कोंबड्या आणि कंपनीच्या शेडमधल्या कोंबड्या एका ओळीत टाकू नका. चार कोंबड्या पाळणारी बाई आणि चाळीस हजार पक्ष्यांची शेड यांचे प्रश्न वेगळे आहेत. कोरडवाहू प्रदेशातल्या भटक्या पशुपालकांचंही तसंच. पीक येत नाही तिथे जनावरं हीच त्यांची बचत आणि तेच अन्न. माझ्या मते अशा समाजांना मोहिमेचं लक्ष्य करणं अन्यायाचं आहे, आणि त्यातून प्राण्यांचंही फारसं भलं होत नाही.

इथेच एका सापळ्याबद्दल सांगायला हवं. हवामानाचा मुद्दा एकटाच पुढे केला की लोक गोमांस कमी करून चिकनकडे वळतात, कारण कोंबडीचं उत्सर्जन किलोमागे बरंच कमी असतं. पण एका गाईपासून मिळतं तेवढं मांस मिळवायला शंभराहून अधिक कोंबड्या लागतात आणि त्या कोंबड्यांचं आयुष्य बहुतेक वेळा गाईपेक्षा वाईट असतं. कार्बनचा आकडा सुधारला आणि दुःख कितीतरी पटींनी वाढलं, असा परिणाम एखाद्या यशस्वी मोहिमेतूनही होऊ शकतो. त्यामुळे कोणताही संदेश बाहेर काढण्याआधी विचारा: हे ऐकून माणूस नेमकं काय खाणं थांबवेल आणि त्याऐवजी काय खाईल?

पायरी २: सही कोणाची चालते ते शोधा

तक्ता झाला की नावांची यादी करा. हॉटेलांच्या साखळ्यांचे खरेदी अधिकारी, कारखाने आणि वसतिगृहांना जेवण पुरवणारे ठेकेदार, शाळेच्या भोजन योजनेचा मेनू ठरवणारी समिती, रुग्णालयाचे आहारतज्ज्ञ, हॅचरी कंपन्या, शेडला कर्ज देणाऱ्या बँका. ब्राझीलच्या शालेय भोजन योजनेत जवळपास चार कोटी मुलं जेवतात आणि २००९ च्या कायद्याने केंद्राकडून येणाऱ्या निधीतला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. अशा ठिकाणी मेनूत डाळींचा एक जास्तीचा दिवस आला तर किती ताटं बदलतात आणि कोणत्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, हे दोन्ही एकाच वेळी ठरतं.

कर्ज देणाऱ्यांना आपण सहसा विसरतो. जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने पशुपालन प्रकल्पांतल्या प्राणीकल्याणावर २०१४ मध्ये मार्गदर्शक टिपण काढलं आहे. तुमच्या देशातल्या एखाद्या मोठ्या प्रकल्पात अशा संस्थेचा पैसा असेल, तर प्रकल्पाची कागदपत्रं मागवा आणि तिचेच निकष तिच्यासमोर ठेवा. कर्ज मंजूर होण्याआधी लिहिलेलं पत्र उपयोगी पडतं, शेड उभी राहिल्यावर लिहिलेल्या पत्राला फार तर पोच मिळते.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: निर्णय बदलला तर किती प्राण्यांना फरक पडेल, तो माणूस कशाला महत्त्व देतो, आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो का. मग पहिल्या वर्षासाठी एकच प्राणी आणि दोन-तीनच नावं निवडा. छोट्या संस्था कुत्र्यांपासून हत्तींपर्यंत सगळं अंगावर घेतात आणि थकून बसतात.

पायरी ३: मागणी मोजता येईल अशी लिहा

‘प्राण्यांशी दयेने वागा’ या वाक्याला कोणताही व्यवस्थापक मान डोलावतो आणि पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागतो. मागणीत प्रजाती, बदल, प्रमाण, तारीख आणि तपासणीची पद्धत असायला हवी. उदाहरणार्थ: ‘अमुक तारखेपासून आमच्या सर्व स्वयंपाकघरांत लागणारी सगळी अंडी पिंजरामुक्त शेडमधून येतील आणि त्याची टक्केवारी आम्ही दरवर्षी जाहीर करू.’

अंड्यांच्या कोंबड्यांचा प्रश्न जगभर मोहिमांच्या केंद्रस्थानी आला त्याला कारण आहे. बॅटरी पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते. पंख पसरणं, दांडीवर बसणं, धुळीत लोळणं, अंडं घालायला आडोसा शोधणं यांतलं काहीही तिला करता येत नाही. हे एक-दीड वर्ष चालतं. दुःख मोठं आहे, बदल स्पष्ट आहे आणि खरेदीदार मोजके आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपन विंग अलायन्स’ या आघाडीत अनेक देशांतल्या संस्था एकत्र येऊन कंपन्यांकडे हीच मागणी करतात. तुमच्या देशातली शाखा ज्या बहुराष्ट्रीय साखळीची आहे, तिने दुसरीकडे काय वचन दिलं आहे ते अशा आघाडीकडून लगेच कळतं. एकाच कंपनीने युरोपातल्या कोंबडीसाठी एक नियम आणि आपल्याकडच्या कोंबडीसाठी दुसरा का ठेवावा, हा प्रश्न बैठकीत शांतपणे विचारला तरी पुरतो.

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत पिंजरा हा मुख्य मुद्दा नसतो. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि हृदय त्या वाढीला पुरे पडत नाहीत. त्यामुळे मागणी जातीची, शेडमधल्या गर्दीची, जमिनीवर पसरलेल्या भुशाच्या गादीच्या ओलाव्याची आणि मारण्याआधी बेशुद्ध करण्याची असते.

मासे आणि कोळंबीकडे आत्तापर्यंत फार थोड्या लोकांनी लक्ष दिलं आहे, म्हणून तिथे नव्या गटाला काम करायला मोठी जागा आहे. ‘फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह’ ही संस्था आंध्र प्रदेशातल्या मत्स्यशेतकऱ्यांबरोबर तलावातली गर्दी आणि पाण्याची प्रत यांवर काम करते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, आणि त्याच वेळी शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण मर लागायची भीती असते. माशाचा त्रास आणि शेतकऱ्याचं नुकसान इथे एकाच मीटरवर दिसतं. सुरुवात करायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. कोळंबीत दोन ठळक मुद्दे आहेत: अंडी लवकर मिळावीत म्हणून मादीच्या डोळ्याचा देठ ठेचण्याची पद्धत थांबवणं, आणि काढणीच्या वेळी बर्फात गुदमरू देण्याऐवजी विजेने बेशुद्ध करणं. ‘श्रिम्प वेल्फेअर प्रोजेक्ट’ उत्पादकांना त्यासाठी यंत्रं मिळवून देते.

पायरी ४: शेतकऱ्याचा हिशेब त्याच्याबरोबर बसून करा

बहुतेक ब्रॉयलर उत्पादक आज कराराने काम करतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, आणि मोबदला किलोमागे. पक्ष्यांची संख्या कमी करा असं त्याला सांगणं म्हणजे त्याच्या हप्त्यावर घाव घालणं. त्या कराराची प्रत मिळवा आणि वाचा. मर, खाद्य-रूपांतराचं प्रमाण (किती खाद्यात किती वजन वाढतं) आणि पक्षी उचलण्याच्या तारखा यांवर कंपनीचा ताबा असतो, त्यामुळे मागणी कंपनीकडे जायला हवी आणि शेतकरी शक्यतो आपल्या बाजूने असायला हवा.

अंड्यांच्या बाबतीत पिंजरामुक्त शेड चालवणं हे वेगळं कौशल्य आहे. गादी कोरडी ठेवणं, घरट्यांच्या जागा, दांड्यांची उंची, उजेड, चोची मारण्याची सवय वेळीच ओळखणं हे न शिकवता पिंजरे काढले तर पक्षी मरतात, शेतकरी बुडतो आणि तालुकाभर बातमी पसरते की हे जमत नाही. म्हणून पहिला शेतकरी निवडताना उत्साहापेक्षा काटेकोर नोंदी ठेवण्याची सवय बघा. त्याच्या जोडीला अनुभवी पशुवैद्यक द्या आणि लेखी खरेदीची हमी मिळवल्याशिवाय त्याला गुंतवणूक करायला लावू नका.

पुरवठाच नाही, ही खरेदीदारांची नेहमीची अडचण असते आणि ती बऱ्याचदा खरी असते. त्यावर एक मार्ग वापरला जातो. कंपनीला आपल्या शहरात पिंजरामुक्त अंडी मिळत नसतील, तर तेवढ्याच अंड्यांसाठी ती त्याच देशातल्या दुसऱ्या प्रमाणित शेतकऱ्याला जास्तीची रक्कम देते. ती अंडी तिथल्या बाजारात विकली जातात आणि श्रेय कंपनीच्या खात्यात नोंदवलं जातं. नोंद पारदर्शक नसेल तर हा मार्ग पळवाट बनतो. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं निभावून न्यायला तो उपयोगी आहे.

पायरी ५: पर्यायी प्रथिनांतला कोणता पर्याय तुमच्या कामाचा, ते ठरवा

प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नाची जागा घेणाऱ्या या प्रथिनांचे तीन प्रकार आहेत. वनस्पतींपासून केलेले, किण्वनातून मिळणारे आणि पेशी वाढवून केलेलं संवर्धित मांस. तिन्हींबद्दल एका दमात बोलण्याची सवय लागली आहे, पण व्यवहारात ती वेगवेगळ्या काळाची आणि वेगवेगळ्या लोकांची कामं आहेत.

संवर्धित मांसाचा पहिला बर्गर ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये खाऊन दाखवण्यात आला. त्यावर सुमारे अडीच लाख युरो खर्च झाले होते. विक्रीची पहिली परवानगी सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये दिली, अमेरिकेने जून २०२३ मध्ये. इटलीने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदीचा कायदा केला. हे मांस उद्या बाजारात स्वस्त मिळेल असं लोकांना सांगू नका. या क्षेत्रात छोट्या संस्थेचं काम नियमांपुरतं आहे: परवानगीची पद्धत काय असावी, सुरक्षिततेच्या कोणत्या चाचण्या हव्यात, हे अन्नसुरक्षा यंत्रणेशी वेळेवर बोलणं. विद्यापीठात असाल तर संशोधन आणि प्रशिक्षित माणसं तयार करणं हेही तितकंच मोलाचं. भारतात पर्यायी प्रथिनांवर काम करणाऱ्या ‘गुड फूड इन्स्टिट्यूट’ची शाखा या क्षेत्राला ‘स्मार्ट प्रोटीन’ म्हणते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘बायोई३’ या जैव-उत्पादनाच्या धोरणात स्मार्ट प्रथिनांचा स्वतंत्र विषय म्हणून समावेश आहे. चीनच्या कृषी मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या पंचवार्षिक योजनेतही संवर्धित मांसाचा उल्लेख होता. सरकारांना रस आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यावा.

किण्वन जुनंही आहे आणि नवंही. चीज करायला लागणारं कायमोझिन हे विकर पूर्वी वासरांच्या जठरातून काढत. १९९० पासून ते सूक्ष्मजीवांकडून बनवलेलं मिळू लागलं आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. बुरशीपासून केलेलं मायकोप्रोटीन ब्रिटनमध्ये १९८५ पासून विकलं जातं. या टाक्या-यंत्रांना मोठं भांडवल लागतं. पण जाव्हातलं टेंपे करायला शिजवलेलं सोयाबीन, बुरशीचं विरजण, ३० अंशांच्या आसपास तापमान आणि एक-दोन दिवस एवढंच लागतं. उष्ण प्रदेशांना हे तापमान फुकट मिळतं.

राहिले वनस्पतीजन्य पदार्थ, आणि पहिल्या दिवसापासून करण्यासारखं काम इथेच आहे. परदेशी पद्धतीचा गोठवलेला बर्गर आणला तर त्याला वाटाण्याचं आयात आयसोलेट (वेगळं काढलेलं प्रथिन) लागतं, शीतसाखळी लागते, आणि किंमत मांसाच्या वर जाते. वरच्या वर्गातले थोडे ग्राहक तो एकदा घेतात, पुन्हा घेत नाहीत. आयसोलेटमध्ये प्रथिनं ८० ते ९० टक्के असतात, कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ६५ ते ७०, आणि तेल काढलेल्या सोयापिठात सुमारे ५०. बहुतेक पदार्थांना ५० टक्के पुरतात. हेच पीठ एक्सट्रुडरमधून (उष्णता आणि दाबाने आकार देणाऱ्या यंत्रातून) काढून वाळवलं की वड्या किंवा चुरा होतो, जो फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकतो आणि पोत्यात भरून कुठेही नेता येतो. जगातल्या सोयाबीनपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक आज जनावरांच्या खाद्यात जातं. ते माणसाच्या ताटात वळवायला नवा शोध लावायची गरज नाही. अन्न दर्जाची गिरणी, तपासणी आणि चांगला स्वयंपाक लागतो.

पश्चिम आफ्रिकेतलं उदाहरण मला सगळ्यांत शिकवणारं वाटतं. तिथे फुलानी पशुपालकांच्या दुधाचं ‘वारा’ नावाचं मऊ चीज तळून खातात. इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियात सोयाबीन घरच्या स्वयंपाकात आणण्याचं काम हाती घेतलं. सोयाचं दूध फाडून केलेली तशीच वडी, तसंच तळणं, तोच मसाला. आज उत्तर नायजेरियात ‘आवारा’ रस्त्यावर बायका तळून विकतात. ‘दावादावा’ हा आंबवलेला मसाला आधी एका जंगली झाडाच्या बियांचा होत असे, तोही आता बऱ्याच ठिकाणी सोयाबीनचा होतो. यात कोणाला प्राण्यांसाठी त्याग करा असं सांगितलं नव्हतं. ओळखीच्या पदार्थात, ओळखीच्या हातांनी, परवडणाऱ्या भावात नवं धान्य शिरलं. तुमच्या प्रदेशात कोणत्या पदार्थात मांस मुख्यतः पोत आणि रस्सा शोषण्यासाठी असतं ते शोधा. खिमा, भरलेले पदार्थ, मसालेदार रस्से इथे बदल सहज बसतो. भाजलेल्या अख्ख्या तुकड्याशी स्पर्धा करू नका.

सुरक्षितता आणि पोषण याबाबत कानाडोळा चालणार नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते पुरेशा उष्णतेने जातात. शेंगदाणा वापरणार असाल तर प्रत्येक खेप अफ्लाटॉक्सिनसाठी तपासा, दमट गोदामातल्या दाण्यावर येणाऱ्या बुरशीचं हे विष यकृताला घातक आहे. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी आणि डाळींत मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही एकत्र द्या. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींमधून मिळत नाही, ते पदार्थात घालावं लागतं. आणि एक मर्यादा मी स्वतः कधी ओलांडणार नाही: कुपोषित बाळाच्या आईला अंडं किंवा दूध बंद करायला सांगू नये. अनेक गरीब देशांत माणशी वर्षाला दहा किलोंहून कमी मांस खाल्लं जातं, तर अमेरिकेत शंभरहून अधिक. कमी खाणाऱ्याच्या बाळाच्या वाटीतून काढून घेण्यासारखं काहीच नाही.

पायरी ६: प्रयोग मोठ्या स्वयंपाकघरात करा

शहरातल्या मेळाव्यात चार घास खाऊन सगळे वाहवा करतात. खरी परीक्षा वसतिगृहाच्या किंवा कारखान्याच्या मुदपाकखान्यात होते, जिथे स्वयंपाक पहाटे होतो आणि ताटात दुपारी वाढला जातो. सोयावडी तेवढ्या वेळात रश्शात फुगून मऊ पडते. कच्चट वास राहिला तर पहिल्या दिवशीच नाव खराब होतं. मिठाच्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, ते पाणी टाकून पुन्हा एकदा धुतलं आणि मग तेलावर परतलं की वास बराच जातो. पण हे पाचशे माणसांसाठी करायला हात आणि वेळ किती लागतो, ते आचाऱ्यालाच माहीत. त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, त्याने बदललेली कृती आपली माना आणि पदार्थाचं नावही त्यालाच ठेवू द्या.

दोन महिने चालवा. ताटामागचा खर्च गॅस आणि मजुरीसकट काढा. टाकलेलं अन्न रोज वजन करून लिहा, कारण फॉर्मवरच्या मतापेक्षा ते खरं असतं. कोणता पदार्थ कोणता हे न सांगता चव घ्यायला लावा.

मांडणीचाही फरक पडतो. केंब्रिज विद्यापीठाच्या भोजनगृहांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाकाहारी पदार्थांचं प्रमाण चारात एकऐवजी दोन केल्यावर त्यांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. ब्रिटनमधला निष्कर्ष जसाच्या तसा दुसरीकडे लागू पडेल असं धरून चालू नका, पण प्रयोग स्वस्त आहे. पाटीवर चव आणि मसाला लिहा. ‘व्हीगन’ हा शब्द मागच्या बाजूला, ज्यांना हवा त्यांना दिसेल असा ठेवा. मांस खाणाऱ्यालाच आणायचं असेल, तर हा पदार्थ दुसऱ्या कोणासाठी आहे असं त्याला वाटता कामा नये.

पायरी ७: कायदा वाचा आणि वापरा

बहुतेक देशांत क्रूरता रोखणारा कायदा आधीपासून असतो. भारताच्या १९६० च्या कायद्यातलं कलम ११ हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा मानतं. त्याच कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो १० ते ५० रुपये. म्हणजे तत्त्व मान्य आहे आणि धाक नाही, अशी स्थिती. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये २६९व्या अहवालात कोंबड्यांच्या निवासाबद्दल आणि वाहतुकीबद्दल शिफारशी केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जलिकट्टूवरच्या नागराजा खटल्यात प्राण्यांच्या पाच मुक्ततांचा (भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक) आधार घेतला. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत क्रूरतेला मनाई आहे. तुमच्या देशात असं काय आहे ते एका वकिलाबरोबर बसून एका पानावर लिहून काढा. अधिकाऱ्याला भेटताना ते पान हातात हवं.

माहिती मिळवण्याचे कायदे उपयोगी पडतात: भारतात २००५ चा, ब्राझीलमध्ये २०११ चा, केनियात २०१६ चा. किती शेडना परवाना आहे, किती तपासण्या झाल्या, प्रतिजैविकांचे नमुने किती घेतले, हे रीतसर विचारा. चोरून शेडमध्ये शिरू नका. एक खटला छोट्या संस्थेचं सगळं बळ शोषून घेतो आणि शेतकऱ्यांचा विश्वास कायमचा जातो.

डॉक्टर हे अनपेक्षित पण भक्कम मित्र ठरतात. कोलिस्टिन या राखीव प्रतिजैविकाला दाद न देण्याची ताकद जिवाणूला देणारा आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारा जनुक २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केला, त्यात डुकरांचे आणि मांसाचे नमुने होते. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. गर्दीच्या शेडला औषधांचा टेकू लागतो, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने सांगितलं तर आरोग्य खातं ऐकतं.

पर्यायी पदार्थ विकणाऱ्यांनी नावाचे नियम आधी बघावेत. दक्षिण आफ्रिकेच्या कृषी खात्याने जून २०२२ मध्ये मांसाची नावं वापरणारे वनस्पतीजन्य पदार्थ जप्त करण्याचा इशारा दिला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. भारतात वनस्पतीजन्य पेयांना ‘दूध’ म्हणायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मज्जाव केला आणि २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले. वेष्टनं छापल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

आंतरराष्ट्रीय आधारही हाताशी ठेवा. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्राणीकल्याण, पर्यावरण आणि शाश्वत विकास यांच्या संबंधावर ठराव केला. तुमच्या सरकारचे प्रतिनिधी बहुधा त्या सभागृहात होते.

पायरी ८: अन्नाच्या राजकारणात सावध राहा

माणूस काय खातो त्यावरून त्याला हिणवण्याचा, घर नाकारण्याचा, मारहाण करण्याचा इतिहास दक्षिण आशियात आहे आणि तो संपलेला नाही. प्राण्यांच्या नावाने कोणी दलित, आदिवासी किंवा अल्पसंख्याकांवर हल्ला करत असेल, तर प्राणीकल्याणाचं काम करणाऱ्याने गप्प राहू नये आणि अशा गटांशी व्यासपीठ वाटून घेऊ नये. तात्पुरती गर्दी मिळते, पण ज्या समाजांबरोबर पुढची वीस वर्षं काम करायचं ते दुरावतात. आफ्रिकेत वेगळी शंका येते: तुम्ही बाहेरच्या पैशाने आम्हाला मांस खाऊ नका सांगायला आलात का? तिला उत्तर म्हणजे स्थानिक नेतृत्व. मागणी कोणती करायची हे तिथल्या लोकांनी ठरवावं, बाहेरच्यांनी माहिती आणि प्रशिक्षण पुरवावं. संस्थेच्या पहिल्या पाच माणसांत शेतकरी कुटुंबातून आलेलं, मांस खाणाऱ्या घरातलं, स्थानिक भाषेत सहज बोलणारं कोणी नसेल, तर आधी ती भरती करा.

पायरी ९: पैसा, हिशेब आणि पाठपुरावा

परदेशी देणगीचे नियम पहिल्याच महिन्यात समजून घ्या. भारतात २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या छत्राखाली छोटा गट चालवायची जुनी पद्धत तिथे बंद झाली. थोडे का होईना, स्थानिक देणगीदार शोधा.

वर्षाअखेरीस किती लोकांनी व्हिडिओ पाहिला हा आकडा बाजूला ठेवा. किती कोंबड्या पिंजऱ्याबाहेर आल्या, किती तलावांत प्राणवायूची नोंद रोज होते, मांसाच्या जागी किती ताटं वनस्पतीजन्य गेली आणि त्यांतली किती संपली, हे लिहा. ती ताटं आधी डाळीचीच होती का तेही तपासा. शाकाहाऱ्याने सोयावडी खाल्ली तर कोणताही प्राणी वाचत नाही.

सगळ्यांत जास्त कष्ट पाठपुराव्याला लागतात आणि देणगीदारांना त्यात सगळ्यांत कमी रस असतो. कंपनीने वचन दिलं की वृत्तपत्रात फोटो येतो. पुढे खरेदी अधिकारी बदलतो, नव्याला पत्रच सापडत नाही. म्हणून वचनाची प्रत संचालक मंडळाच्या सचिवाकडेही द्या. मुदतीच्या दीड वर्ष आधी पुरवठादारांची यादी मागा, एक वर्ष आधी पहिली खेप सुरू करायला लावा आणि सहा महिने आधी टक्केवारी लेखी घ्या. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण द्या, दुसऱ्यांदा त्यांच्या मुख्यालयाला प्रत पाठवा, आणि तिसऱ्यांदा ती तारीख व ते वचन ग्राहकांसमोर जाहीरपणे ठेवा.